आजीचा अर्धा चेहरा कुठे गेला?

आमच्या घरी १९९४ सालच्या एका मुंजीची व्हिडिओ फीत होती. छत्रपती संभाजीनगरात (तेव्हाच्या औरंगाबादेत) वाड्याच्या अंगणात झालेली ही मुंज. आजीचे हलते-बोलते चित्र तेवढ्या एकाच फितीत होते. फीत जुनी होऊन खराब होईल, म्हणून काकांनी ती दुकानात देऊन तिची डीव्हीडी करून घेतली. सारे घर टीव्हीसमोर जमले. पाहतो तो काय! मातृभोजनाच्या वेळी डाव्या कडेला पाटावर बसलेल्या आजीचा अर्धा चेहरा पडद्याबाहेर! ‘शुभ मौंजीबंधन’ या पाटीतला ‘शु’ही गायब.

काका तडक दुकानात गेले. दुकानदाराने शांतपणे तीच डीव्हीडी संगणकावर लावली. आजी पूर्ण दिसत होती, ‘शु’ही जागेवर होता. म्हणजे तबकडीत काहीच कमी नव्हते. मग चित्राची कड कोणी कापली?

ती कापली होती आमच्या टीव्हीने, आणि तीही अगदी ठरवून! हे समजण्यासाठी जुन्या, फुगीर काचेच्या चित्रनलिकेत काय चालते ते पाहू. नळीच्या मागच्या टोकाकडून इलेक्ट्रॉनांची बारीक शलाका निघते. मानेभोवतीच्या वेटोळ्यांतील विद्युत्प्रवाहामुळे चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि त्याने ही शलाका डावीकडून उजवीकडे व वरून खाली फिरते. पडद्याला लावलेल्या रसायनावर ती आपटली की तेथे प्रकाश पडतो. याला क्रमवीक्षण म्हणतात. आपल्याकडच्या पद्धतीत एका चित्रात ६२५ रेषा असतात आणि सेकंदाला अशी २५ चित्रे होतात. शलाका परत वर नेण्यात काही रेषा खर्च होतात. डीव्हीडीवर ५७६ रेषा असतात व प्रत्येक रेषेवर ७२० चित्रबिंदू.

आता शलाका किती दूरवर जाईल, हे वेटोळ्यांतील प्रवाहावर अवलंबून. संध्याकाळी विजेचा दाब उतरला, की जुन्या संचांत चित्र आकसत असे. टीव्हीशेजारी स्टॅबिलायझर ठेवायची पद्धत होती ती उगाच नव्हे. शिवाय संचातले भाग जुने होतात, तापतात. आणि कारखान्यातून निघालेले दोन संचही तंतोतंत सारखे नसतात. (संभाजीनगरजवळ पैठण रस्त्यावर चितेगावला व्हिडिओकॉनचा मोठा कारखाना होता, रंगीत टीव्ही कसे जोडतात हे आपल्या जिल्ह्याला नवे नाही.) चित्र पडद्याएवढेच ठेवले, तर ते जरा आकसताच कडेला काळी पट्टी दिसणार. त्यापेक्षा चित्र पडद्यापेक्षा थोडे मोठेच काढावे, कडा चौकटीआड गेल्या तर जाऊ द्याव्यात, अशी युक्ती करण्यात आली. तिला ओव्हरस्कॅन म्हणतात. प्रत्येक बाजूला शंभरात चार-पाच भाग जाणे ही नेहमीची गोष्ट.

मग म्हैसमाळच्या मनोऱ्यावरून येणाऱ्या दूरदर्शनच्या बातम्यांतली अक्षरे कशी कापली जात नसत? कारण चित्रण करणाऱ्यांना हे ठाऊक असते. मजकूर ते कडेपासून बराच आत ठेवतात. मुंजीत कॅमेरा धरणाऱ्याने तसे केले नव्हते, एवढेच.

आपला टीव्ही किती खातो, हे तुम्हाला स्वतःच मोजता येईल. संगणकावर ७२० गुणिले ५७६ बिंदूंचे एक चित्र करा. चारही कडांपासून आत शंभरात २, ४, ६, ८ अशा अंतरांवर रेघा ओढा व त्यांवर आकडे लिहा. मध्ये एक वर्तुळ काढा. हे चित्र पुन्हापुन्हा लिहिता येणाऱ्या डीव्हीडीवर उतरवून टीव्हीवर पाहा आणि प्रत्येक कडेला दिसणारा पहिला आकडा टिपा. वर्तुळ थोडे आडवे झालेले दिसले तर घाबरू नका. डीव्हीडीचे बिंदू चौरस नसतात, टीव्ही ते आडवे ताणून चित्र ४:३ प्रमाणात आणतो. मात्र टीव्हीचे मागचे झाकण कधीही उघडू नका. रंगीत चित्रनलिकेत सुमारे २५,००० व्होल्टचा दाब असतो, आणि संच बंद केल्यावरही विद्युतभार बराच वेळ टिकून राहतो.

आमच्या टीव्हीत डावीकडे ६, उजवीकडे ४, वर-खाली प्रत्येकी ५ भाग जात होते. म्हणून आम्ही चित्र दोन्ही दिशांनी नऊ-दशांश केले : ६४८ गुणिले ५१८. भोवती काळी पट्टी : डावीकडे ४४ बिंदू, उजवीकडे २८, वर २८ रेषा आणि खाली ३०. वर २९ का नाही? टीव्हीचे चित्र आधी विषम व मग सम रेषा असे दोन हप्त्यांत येते. पट्टी विषम रेषांची झाली, तर हप्त्यांची अदलाबदल होऊन हालचाल थरथरते. याच कारणाने चित्र लहान करण्यापूर्वी दोन्ही हप्ते नीट वेगळे हाताळणारा प्रोग्राम वापरावा लागतो.

एक गंमत मात्र झाली. नव्या डीव्हीडीत चित्राच्या अगदी तळाशी फाटल्यासारखी एक वळवळती पट्टी दिसू लागली! ही फितीची जुनी खोड. फीत वाचणारी दोन शीर्षे आळीपाळीने काम करतात आणि त्यांची बदली तळाच्या काही रेषांवर होते. आजवर ओव्हरस्कॅनने तीही झाकली होती. त्या रेषांवर काळा रंग फासला.

या उपायाला किंमत आहेच. ०.९ गुणिले ०.९ म्हणजे ०.८१, शंभरातले १९ बिंदू काळ्या पट्टीत गेले आणि चित्र किंचित मऊ झाले. शिवाय आजच्या सपाट टीव्हीत शलाका नाही, तरी कित्येक संच जुन्या सवयीने कडा कापतात. पण त्यांत ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ असा पर्याय बहुधा असतो, तो निवडला की काम झाले. आमची पट्टीवाली डीव्हीडी अशा टीव्हीवर काळ्या चौकटीतल्या फोटोसारखी दिसते. म्हणून दुकानदाराने केलेली पहिली डीव्हीडी आम्ही टाकली नाही. हल्ली तीच लावतो, आणि डाव्या कडेला आजी पूर्ण दिसते.