वजन उतरवा डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आणि उतरलेलं टिकवा

घोडबंदर रोडवर राहणाऱ्या अनेकांचा दिवस मानपाडा, कापूरबावडीच्या कोंडीत जातो. बैठं काम, उशिरा जेवण, अपुरी झोप यांत वजन चढतं. ते उतरवता येतं. टिकवणं जास्त अवघड. वजन घटल्यावर भूक वाढवणारी संप्रेरकं वर्षभरानंतरही चढलेली राहतात आणि शरीर कमी उष्मांकात भागवू लागतं. वजन परत येणं म्हणजे मनाचा दुबळेपणा नव्हे. म्हणून टिकवण्याची आखणी डॉक्टरांच्या पहिल्याच भेटीत करा.

१. मोजा. वजन, उंची, रक्तदाब लिहून ठेवा. श्वास सोडून, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मध्यावर टेप लावून कमरेचा घेर मोजा. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपुढे धोका वाढतो. भारतीयांसाठी बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २५ पासून लठ्ठपणा धरतात. १६० सेंटिमीटर उंचीला ही मर्यादा ६४ किलोंवर येते.

२. डॉक्टरांकडे जा. एमडी फिजिशियन किंवा एंडोक्रिनॉलॉजिस्ट गाठा. एचबीए१सी (रक्तातली साखर), थायरॉइड, लिपिड, यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्यांबद्दल विचारा. घोरणं, पाळीच्या तक्रारी सांगा. चालू औषधांची यादी न्या. स्टेरॉइड, इन्सुलिन आणि काही मानसोपचाराच्या गोळ्यांनी वजन वाढतं. पण ही औषधं स्वतःहून बंद करू नका. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपास किंवा दोनदाच जेवण विचारल्याशिवाय सुरू करू नका. साखर एकदम खाली जाऊ शकते.

३. पल्ला ठरवा. सहा महिन्यांत ५ ते १० टक्के, म्हणजे ८० किलोच्या माणसाने ४ ते ८ किलो. फार झपाट्याने उतरलं तर पित्तखडे होऊ शकतात आणि स्नायूही झिजतात.

४. ताट बदला. अर्धं ताट भाजी-कोशिंबीर, पाव ताट डाळ, उसळ, अंडी किंवा मासे, उरलेल्या पावात भाकरी किंवा भात. बांगडा तळण्याऐवजी कालवणात घ्या. तेल महिन्याच्या हिशेबाने मोजून आणा. ऑफिसातून निघण्याआधी मूठभर फुटाणे आणि ताक घ्या, म्हणजे कोंडीतून सुटल्यावर वडापावची गाडी खुणावणार नाही.

५. हला. आठवड्याला १५० मिनिटं भरभर चाला. धुळीचा सर्व्हिस रोड टाळून सोसायटीचं आवार किंवा पोडियम निवडा. आठवड्यातून दोनदा स्नायूंचा व्यायाम करा: खुर्चीवरून उठबस, भिंतीला टेकून जोर.

६. औषधाचा निर्णय डॉक्टरांसोबत घ्या. वजनासाठी टिर्झेपटाइड आणि सेमाग्लुटाइडची साप्ताहिक इंजेक्शनं २०२५ पासून भारतात मिळतात. मेड्युलरी थायरॉइड कर्करोग घरात कुणाला झाला असेल, स्वादुपिंडाला सूज येऊन गेली असेल किंवा गर्भधारणेचा विचार असेल तर आधी सांगा. उलट्या थांबत नसतील किंवा पोटात तीव्र दुखत असेल तर लगेच रुग्णालय गाठा. सेमाग्लुटाइडच्या एका मोठ्या अभ्यासात, औषध थांबल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग परत आला. म्हणून सुरू करण्याआधीच विचारा: किती काळ, किती खर्च, पुढे काय?

७. टिकवा. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या सकाळी वजन नोंदवा. चालणं हळूहळू आठवड्याला २५० मिनिटांपर्यंत न्या. पल्ला गाठल्यावरही दर तीन महिन्यांनी डॉक्टरांना भेटा. दोन किलो वाढले तर लाजून भेट टाळू नका, त्याच आठवड्यात जा. दोन किलो आवरणं दहा किलो आवरण्यापेक्षा कितीतरी सोपं असतं.