शमी आणि वेडी बाभूळ

दसऱ्याला शमीची पूजा होते. पांडवांनी अज्ञातवासात आपली शस्त्रे जिच्यावर लपवली, तीच ही शमी. नांदेड-लातूर भागात माळावर, तलावाकाठी, रस्त्याच्या कडेला तिची एक नातलग तुम्हांला दिसते. ती म्हणजे वेडी बाभूळ. तिचे मूळ स्थान अमेरिका खंड. सुमारे १८७७ साली ती भारतात आणली गेली. दोन्ही झाडे शेंगा येणाऱ्या कुलातली. पूर्वी ती ‘प्रोसोपिस’ या एकाच प्रजातीत धरत. २०२२ मध्ये वेडी बाभूळ ‘नेल्टुमा’ या वेगळ्या प्रजातीत गेली.

नाते जवळचे, पण वागणे निराळे. राजस्थानात शमीच्या सावलीत बाजरी पिकते. वेडी बाभळीखाली मात्र गवतही विरळ. असे का?

२०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दोघींची तुलना केली आहे. दोघींची पाने पाण्यात भिजवून ते पाणी तीन पिकांच्या मुळांना दिले. शमीच्या पाण्याने मुळे वाढली. वेडी बाभळीच्या पाण्याने काहींची वाढ खुंटली, काहींवर परिणाम झाला नाही. वेडी बाभळीच्या पाण्यात फिनॉलिक संयुगे आणि ट्रिप्टोफॅन हे ॲमिनो आम्ल अधिक आढळले. ट्रिप्टोफॅन आपल्या आहारात आवश्यक असते, पण कोवळ्या मुळांना त्याचा अतिरेक बाधतो. रसायनांनी शेजाऱ्याची वाढ रोखण्याच्या या प्रकाराला ‘ॲलेलोपॅथी’ म्हणतात.

गंमत म्हणजे व्हेनेझुएलात, आपल्या मायदेशी, याच झाडाखाली इतर वनस्पतींचे प्रकार अधिक आढळले. तिथल्या शेजाऱ्यांना या रसायनांची पिढ्यान्‌पिढ्या सवय झाली असावी, असा एक तर्क आहे.

करून पाहा : दोन्ही झाडांखालची गळलेली पाने प्रत्येकी ५ ग्रॅम घ्या. काटे सांभाळा. ती वेगवेगळ्या भांड्यांत १०० मिलिलिटर पाण्यात २४ तास भिजवून गाळा. तीन बशांत टीपकागदावर ज्वारीचे दहा-दहा दाणे ठेवा. एका बशीला शमीचे पाणी, दुसरीला वेडी बाभळीचे, तिसरीला साधे पाणी द्या. चौथ्या दिवशी मुळांची लांबी पट्टीने मोजून सरासरी काढा. तिसरी बशी विसरू नका. तिच्यावाचून तुलनेला आधारच नाही. फरक दिसला तरी घाई नको : पाण्यातले क्षारही मुळांना बाधतात.

वेडी बाभळीने गोरगरिबांच्या चुली पेटवल्या, हे खरे. पण गायरानात नवे झाड लावण्यापूर्वी त्याच्या पानांतले रसायन तपासावे, एवढे शहाणपण तिने आपल्याला शिकवले आहे.