उघड्यावरील ज्वलन आणि कर्करोगाचा धोका

लंडनमधील शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्ये धुराडी साफ करणाऱ्या कामगारांना होणाऱ्या एका कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला. १९१५ मध्ये यामागिवा व इचिकावा या जपानी संशोधकांनी सशांच्या कानांना महिनोन्‌महिने डांबर लावून कर्करोग उत्पन्न करून दाखविला. त्यातील एक प्रमुख अपराधी, बेंझोपायरीन, ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९३३ मध्ये डांबरातून वेगळा केला.

लाकूड, कोळसा, डिझेल, पाचोळा असा कोणताही सेंद्रिय पदार्थ अपुऱ्या प्राणवायूत जळला की हे द्रव्य व त्याचे भाईबंद निर्माण होतात आणि सूक्ष्म धूलिकणांवर बसून फुप्फुसात खोलवर पोहोचतात. शरीर त्यांना बाहेर टाकण्यासाठी त्यांचे रूपांतर करू लागते. दुर्दैवाने त्याच प्रक्रियेत तयार होणारे एक रूप पेशीतील डीएनएला चिकटते व त्यात दोष उत्पन्न करते. कर्करोग प्रकट होण्यास पुष्कळदा दशके लागतात. त्यामुळे आजच्या धुराचा हिशेब आज दिसत नाही.

१९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने नवी मुंबई वसविली, ती ठाणे-बेलापूर व तळोजे या औद्योगिक पट्ट्यांच्या सान्निध्यात. त्यात जवाहरलाल नेहरू बंदर व तुर्भ्याच्या घाऊक बाजारपेठेकडे जाणाऱ्या मालमोटारींची भर पडली. डिझेलचा धूर २०१२ मध्ये, तर बाह्य हवेचे प्रदूषण २०१३ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मानवास निश्चितपणे कर्करोगकारक ठरविले. भारताच्या २००९ च्या मानकांत बेंझोपायरीनची वार्षिक मर्यादा घनमीटरला अवघा १ नॅनोग्रॅम आहे.

नागरिकांचे लक्ष साहजिकच कारखान्याच्या धुरांड्याकडे जाते. तथापि धुरांड्याला निदान उंची असते, परवाना असतो, तपासणीही असते. रस्त्याकडेला पेटविलेल्या कचऱ्याच्या ढिगाला यांपैकी काहीच नसते. तो मंद धुमसतो, म्हणजे अपुरे ज्वलन होते, आणि धूर थेट माणसाच्या नाकाच्या पातळीवर राहतो. त्यात पीव्हीसीच्या वस्तू असल्यास डायॉक्सिनेही निर्माण होतात. पाचोळा निसर्गाचाच, मग त्याचा धूर निरुपद्रवी, ही समजूत शिकलेल्या मंडळींतही आढळते. बेंझोपायरीन मात्र पाचोळा व प्लास्टिक असा भेद करीत नाही. हिवाळ्यात जमिनीलगतची थंड हवा धूर वर जाऊ देत नाही आणि नेमक्या त्याच दिवसांत रखवालदारांच्या शेकोट्या पेटतात. शेकोटीत जुना टायर टाकला जातो, कारण तो रात्रभर पुरतो.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर मनाई केली आणि ५,००० रुपये, मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये दंड ठरविला. परंतु झाडलेला पाचोळा टाकण्यास जागाच नसेल, तर सफाई कामगार काडी ओढणारच. आणि त्या धुरात सर्वांत प्रथम उभा असतो तोही तोच. पनवेल व उरण तालुक्यांतील ग्रामपंचायतींना, तसेच शाळांना, आवाराच्या एका कोपऱ्यात कंपोस्टचा खड्डा खणणे अवघड नाही. रखवालदाराला गरम कपडे व आडोशाची चौकी देणे हे मात्र गृहनिर्माण संस्थांचे काम आहे.