बीम नव्हे, बीआयएम!

'सिव्हिलला स्कोप काय?' हा प्रश्न आपल्या मेसमध्ये भाजीपेक्षा जास्त वेळा वाढला जातो. हल्ली त्याचं एक तयार उत्तर मिळतं, 'बीआयएम कर, पॅकेज मिळेल!' म्हणून मी हाच विषय घेतला. मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे काही इंग्रजी शब्द तसेच राहिलेत, सांभाळून घ्या.

बीआयएम म्हणजे नेमकं काय?

बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग. ऑटोकॅडमध्ये भिंत म्हणजे दोन समांतर रेघा. रेव्हिटसारख्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र भिंतीला स्वतःची जाडी, उंची आणि मटेरियल माहीत असतं. खिडकी एकदा सरकवली की प्लॅन, एलिव्हेशन, सेक्शन आणि खिडक्यांचा तक्ता, सगळीकडे बदल आपोआप होतो. या थ्री-डी मॉडेलला कामाचं वेळापत्रक जोडलं की फोर-डी, खर्च जोडला की फाइव्ह-डी.

फायदा कुठे होतो ते बघा. मजल्याची उंची ३ मीटर. स्लॅबसकट बीम ६०० मिमी, त्याखाली एसीचा डक्ट ४०० मिमी आणि फॉल्स सीलिंग १०० मिमी. उरले १.९ मीटर, म्हणजे उंच माणसाचं डोकं आपटणार! तिघांची ड्रॉइंग वेगवेगळी बघितली तर प्रत्येक बरोबरच दिसतं. एका मॉडेलमध्ये आणली की चूक कॉम्प्युटरवरच सापडते. याला क्लॅश डिटेक्शन म्हणतात. साईटवर हीच चूक सापडली तर तोडफोड आली.

आपल्याकडे वापरतात का?

हो. आपल्या महाराष्ट्रातलं ठळक उदाहरण म्हणजे नागपूर मेट्रो. महामेट्रोने तिथे सुरुवातीपासूनच फाइव्ह-डी बीआयएम वापरलं. ती मेट्रो मार्च २०१९ मध्ये सुरू झाली आणि पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये पूर्ण झाला. ब्रिटनने तर एप्रिल २०१६ पासून केंद्र सरकारच्या प्रकल्पांना बीआयएम सक्तीचं केलं. परदेशातल्या प्रकल्पांचं मॉडेलिंग भारतातल्या ऑफिसांत बसून होतं, बऱ्याच नोकऱ्या त्यातूनच येतात. पण गंगापूर रोडच्या छोट्या बिल्डरकडे अजून ऑटोकॅडचाच प्लॅन चालतो. म्हणजे नोकरीसाठी बहुतेकांना पुणे-मुंबई गाठावीच लागते.

आता पगाराचं बोलूया

मी दोन सिनिअर्सना विचारलं. एकजण क्लास करून थेट मॉडेलर म्हणून पुण्यात लागला, महिना २२ हजारांवर. त्यातले ९ हजार पीजीचे जातात, मेस वेगळी. दुसरी दीड वर्ष साईटवर उन्हात उभी राहिली, मग बीआयएमकडे वळली. तिला सुरुवातच ३८ हजारांनी झाली. दोघांवरून सगळ्यांचा हिशोब मांडता येत नाही, पण या फरकाचं कारण समजून घेण्यासारखं आहे.

मॉडेलर दिलेल्या ड्रॉइंगवरून मॉडेल बनवतो. हे काम काही महिन्यांत शिकता येतं, त्यामुळे करणारे भरपूर. त्याच्या वरचा कोऑर्डिनेटर. क्लॅश सॉफ्टवेअर दाखवतं, पण बाजूला कोण सरकणार हे त्याने ठरवायचं असतं. बीम कापता येत नाही, ड्रेनेजच्या पाइपला ढाळ लागतो, डक्ट मात्र वळवता येतो, हे सॉफ्टवेअर शिकवत नाही. ते आरसीसीच्या पेपरात आणि साईटवरच कळतं. त्यावर बीआयएम मॅनेजर, जो पूर्ण प्रकल्पाचे नियम ठरवतो. पगार वाढतो तो या जजमेंटचा, क्लिक करण्याचा नाही.

मग क्लास लावायचा का?

निफाडकडच्या माझ्या एका मैत्रिणीच्या घरी कांद्याच्या पैशातून ६० हजारांची फी भरायचं चाललं होतं. 'शंभर टक्के प्लेसमेंट' असं जाहिरातीत होतं. आम्ही दोघी चौकशीला गेलो. नोकरी नाही लागली तर फी परत मिळते का, आणि हे लेखी देता का, असं विचारलं. उत्तर मिळालं नाही. साठ हजार म्हणजे २२ हजारांच्या नोकरीतले जवळजवळ तीन पगार! तिने फी भरली नाही.

क्लास वाईटच असतात असं नाही, पण आधी फुकटचं वापरा. ऑटोडेस्क विद्यार्थ्यांना रेव्हिट एका वर्षासाठी मोफत देतं आणि शिकत असेपर्यंत ते वाढवून मिळतं. १६ जीबी रॅमचा पीसी मात्र लागेल, नसेल तर लॅबमध्ये सरांना विचारा. आणि पुस्तकातला बंगला काढण्यापेक्षा आपल्या होस्टेलचंच मॉडेल करा. टेप घेऊन एक मजला मोजा. कॉलम, बीम, बाथरूमचे पाइप, सगळं. इंटरव्ह्यूमध्ये 'हा पाइप इथूनच का नेला?' असं विचारलं तर सर्टिफिकेट गप्प बसेल, तुम्ही मात्र बोलू शकाल.

मुलींच्या होस्टेलचा तळमजला आम्ही दोघींनी सुरू केलाय. मुलांच्या होस्टेलचं कोण घेतंय?