भट्टीवाचून बोलिन्या

नाताळचा फराळ म्हटला की आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांस केक एवढाच पदार्थ आठवतो. वास्तविक केक हा त्या फराळातील पाहुणा होय. घरची मंडळी निराळीच आहेत. गोव्याकडील ख्रिस्ती कुटुंबांत नाताळानिमित्त शेजारी-पाजारी मिठाईची जी ताटे जातात, त्यांस कोन्सुआद म्हणतात. मंगळूरकडे त्याच फराळास कुस्वार असे नाव आहे. त्या ताटात नेवऱ्या असतात, कुलकुले असतात, तांदळाचे पीठ, नारळाचा रस व काळा गूळ आटवून केलेला दोदोल असतो, पेरूचा लालसर पेराद असतो. बेळगाव, खानापूर, निपाणी या आपल्या टापूतही ही ताटे अनेक घरांतून फिरतात.

यांपैकी नेवरीविषयी विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. मराठीत जी करंजी व कन्नडात जी कर्जिकाई, तीच आमच्या कोंकणीत नेवरी. दिवाळीत आईच्या हाताखाली बसून जिने करंजीला मुरड घातली आहे, तिला नाताळच्या नेवरीत नवे शिकण्यासारखे काही नाही. नेवरी व कुलकुले तळावयाची, दोदोल व पेराद चुलीवर घोटावयाचा. बोलिन्या मात्र भाजाव्या लागतात. आणि आपल्या स्वयंपाकघरात भट्टी नसते. खरी अडचण येथे आहे. ती अडचण पाहूनच पुष्कळ घरांनी आता बोलिन्या दुकानातून आणण्यास प्रारंभ केला आहे. म्हणून या लेखात आम्ही त्यांचाच विचार करणार आहोत.

पोर्तुगीज भाषेत केकला 'बोलु' म्हणतात; बोलिनी हा त्याच कुळातील शब्द. गोव्यात पोर्तुगीजांचा अंमल १५१० ते १९६१ असा साडेचारशे वर्षे होता. त्या काळात भट्टीत भाजलेला गव्हाचा पाव तेथे रुजला आणि तो भाजणारा 'पोदेर' गावोगाव दिसू लागला. पीठ आंबविण्यासाठी त्याने माडाची ताडी वापरली, हे कोंकणी बुद्धीचे काम! बोलिन्यांचेही तसेच आहे. अंड्याचा बलक घालून भाजण्याची रीत समुद्रापलीकडची, पण नारळ, रवा आणि वेलदोडा आपला. पुढे बेळगावात इंग्रजांची छावणी वसली आणि १८८८ च्या सुमारास मुरगाव बंदरापासून कॅसल रॉकमार्गे लोहमार्ग घाटावर आला. नोकरीधंद्यानिमित्त गोव्याची कुटुंबे वर आली, त्यांच्याबरोबर त्यांचा फराळही आला. बेळगावचा स्वतंत्र धर्मप्रांत १९५३ साली झाला, तोवर हा फराळ येथे मुरला होता. घाटाखालचा नारळ, घाटावरचा गहू आणि आमच्या निपाणी-संकेश्वर भागातील उसाची साखर एकत्र यावयाची, तर त्यास सीमेवरचे गाव सोयीचेच.

आता कृती. बारीक रवा २५० ग्रॅम, साखर २२५ ग्रॅम, खवलेले ओले खोबरे सुमारे १७५ ग्रॅम, साजूक तूप दोन मोठे चमचे, दोन अंड्यांचे बलक व एकाचा पांढरा भाग, सहा-सात वेलदोड्यांची पूड आणि चिमूटभर मीठ. खोबरे ताजेच घ्यावे. पाकिटातील कोरडा कीस वापरला तर बोलिन्या भुसभुशीत होतात व वासही निघून जातो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

खोबरे पाट्यावर वा यंत्रात जाडसर वाटावे. साखरेत अर्धी वाटी पाणी घालून ती विरघळली की खोबरे घालावे व पाच-सात मिनिटे शिजवावे. नंतर मंद आंचेवर रवा व तूप घालून गोळा कडेपासून सुटेपर्यंत ढवळीत राहावे. भांडे उतरवून, झाकून, रात्रभर तसेच ठेवावे. ही रात्र चुकवू नये. रव्याचा कण म्हणजे गव्हाच्या गाभ्याचा भरड तुकडा. त्यातील पिष्टास ओलावा शोषून फुगावयास वेळ लागतो. घाई केली तर कण दातांखाली वाळूसारखे लागतात.

दुसऱ्या दिवशी अंडी फेटून त्या थंड गोळ्यात मळावी. थंड गोळ्यातच का? अंड्यातील प्रथिने ६५ ते ७० अंश सेंटिग्रेडच्या सुमारास घट्ट होतात. गरम गोळ्यात अंडे घातले तर ते तेथेच शिजून त्याच्या गुठळ्या होतील. मग भाजताना कणास कण धरून ठेवण्यास काही उरणार नाही. पीठ हातास चिकटू लागले तर चमचाभर कोरडा रवा मिसळावा. लिंबाहून लहान गोळे करून ते किंचित चपटे करावे व काट्याने वर आडव्या-उभ्या रेघा ओढाव्या. रेघा केवळ शोभेसाठी नाहीत. त्यांचे उंचवटे आधी तांबूस होतात व आतल्या भागावर कुरकुरीत जाळी धरते.

विद्यार्थी मित्रांनो, इडली कितीही वेळ वाफेवर ठेवली तरी ती पांढरीच का राहते, याचा विचार कधी केला आहे काय? पाण्याची वाफ उघड्या भांड्यात १०० अंशांपलीकडे जात नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच असलेल्या बेळगावात तर पाणी ९७-९८ अंशांनाच उकळते. पदार्थ झपाट्याने तांबूस व्हावयाचा तर त्याचा पृष्ठभाग कोरडा होऊन सुमारे १४० अंशांवर जावा लागतो. तेव्हा शर्करा व प्रथिनांचे घटक यांची परस्परांवर क्रिया होते आणि तो खमंग वास सुटतो. मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये ही क्रिया वर्णिली. भाकरीवरील तांबूस ठिपके, भाजलेला रवा, बोलिनीच्या कडा, या सर्वांत तीच क्रिया चालते.

भाकरीस उष्णता खालून मिळते, म्हणून आपण ती उलटतो. बोलिनी उलटता येत नाही. कच्ची असता ती मोडते. तिला चोहोंकडून ऊब हवी, आणि भट्टी म्हणजे ह्याहून अधिक काही नाही. पूर्वी जाड बुडाच्या पातेल्यात वाळू घालून ते चुलीवर ठेवीत व झाकणावर निखारे मांडीत. बेबिंकेचे थरही वरच्या विस्तवानेच भाजले जात. आज निखारे नाहीत, पण वाळू आहे. जाड पातेल्यात दोन बोटे धुऊन वाळविलेली वाळू पसरावी, तीवर लहान तिवई ठेवावी, घट्ट झाकण घालून मध्यम आंचेवर पंधरा मिनिटे तापवावे. तूप लावलेल्या ताटलीत बोलिन्या सुट्या सुट्या मांडून ती तिवईवर ठेवावी व ज्योत लहान करावी. घरात विजेची भट्टी असेल तर १८० अंशांवर वीस-पंचवीस मिनिटे पुरतात. पातेल्यात पस्तीस-चाळीस लागतात. प्रथम वीस मिनिटे झाकण उघडू नये. वरची बाजू थोडी फिकी राहील. तेवढा उणेपणा पत्करावा. तळ तांबूस होताच काढावे. गरम असता त्या मऊ लागतात म्हणून अधिक भाजण्याचा मोह होतो. निवल्यावर त्या आपोआप खुटखुटीत होतात. तापल्या वाळूचा चटका मोठा असतो, तेव्हा हे काम वडीलधाऱ्यांच्या देखतच करावे.

पातेले नको असेल तर दुसराही मार्ग आहे. मैदा, तूप व पिठीसाखर घेऊन बेकरीत नानकटाई भाजून आणण्याची चाल आपल्याकडे होतीच. भट्टी निवत आलेली असता एखादा मायाळू बेकरीवाला बोलिन्यांचा पत्राही आत सरकवितो.

पूर्ण निवल्यावर बोलिन्या घट्ट झाकणाच्या डब्यात भराव्या. दहा-बारा दिवस त्या चांगल्या राहतात. ताट भरताना मात्र एक पथ्य जाणत्या गृहिणी पाळतात. ज्या घरी अंडे चालत नाही तेथे बोलिन्या जात नाहीत. त्या ताटात नेवऱ्या व दोदोल अधिक असतो, आणि ते कोणी बोलून दाखवीत नाही. ताट परत येते तेही लगेच येत नाही. नाताळानंतर तीन आठवड्यांनी संक्रांत असते. त्या दिवशी ते तिळगुळासह घरी येते.