काडतूस पिस्तुलाचं की रायफलीचं?

सातारा-सांगलीच्या पट्ट्यात फौज आणि पोलीस हा विषय कुणाला नवा नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याच्या नावापुढे तर लोक 'मिलिटरी' जोडूनच बोलतात. माझं गाव सातारा जिल्ह्यात, शिक्षण सांगलीत. एन.सी.सी.च्या फायरिंगला .२२ रायफल हातात आली आणि डोक्यात प्रश्न आला : पिस्तुलाचं काडतूस आणि रायफलीचं काडतूस, हा फरक नेमका ठरवतात कशावरून?

आधी शब्द नीट घेऊ. आपण सगळ्यालाच 'गोळी' म्हणतो. पण काडतुसाचे भाग चार : धातूची पुंगळी, तिच्या बुडाशी प्रायमर, आत दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. गोळी उडून जाते, रिकामी पुंगळी मागे उरते. तिच्या बुडावर कारखान्याची खूण असते. १८६९ साली सुरू झालेल्या पुण्याच्या खडकी कारखान्याची खूण 'के.एफ.'

पहिला गैरसमज जाडीचा. ९ मि.मी. पिस्तुलाची गोळी .३०३ रायफलीच्या गोळीपेक्षा जाड असते. म्हणून ती जास्त ताकदीची? मुळीच नाही! फर्स्ट इयरचं सूत्र आठवा : अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. ९ मि.मी.ची गोळी साधारण ८ ग्रॅम, वेग सेकंदाला ३६० मीटर. ऊर्जा सुमारे ५२० ज्यूल. .३०३ ची गोळी ११.३ ग्रॅम, वेग सुमारे ७४४ मीटर. ऊर्जा ३१०० ज्यूलच्या वर. म्हणजे सहापट!

हा फरक येतो कुठून? पिस्तुलाची नळी चार-पाच इंचांची. तेवढ्या अंतरात दारू जळून गोळीला ढकललं पाहिजे, म्हणून ती भरभर जळणारी आणि थोडीच. शिवाय धक्का मनगटाने सोसायचा असतो. रायफलीची नळी दोन फुटांच्या आसपास आणि धक्का खांद्यावर. तिथे दारू जास्त आणि सावकाश जळणारी, म्हणजे गोळी पुढे सरकत असताना मागून रेटा चालूच राहतो. कार्य म्हणजे बल गुणिले अंतर, दुसरं काय! दाबही वेगळा : युरोपच्या सी.आय.पी. मानकात ९ मि.मी. पॅराबेलमला कमाल २३५ मेगापास्कल, तर .३०८ विंचेस्टर या रायफल काडतुसाला ४१५.

आकारावरून अंदाज बांधता येतो, पण खात्री नाही. रायफलीची पुंगळी बहुधा लांब आणि बाटलीसारखी गळ्याशी निमुळती, पिस्तुलाची आखूड आणि सरळ. पण रशियन टोकारेव्ह पिस्तुलाच्या पुंगळीलाही गळा असतो. हत्यारावरूनही फसायला होतं. पोलिसांची ९ मि.मी. कार्बाइन दिसायला लांब, पण आत काडतूस पिस्तुलाचंच. म्हणून मानकांत हत्यार न बघता काडतूस मुळात कशासाठी बनलं ते बघून वर्ग ठरतो. आपल्या .२२ चा वर्ग तर वेगळाच, 'रिमफायर'. ते रायफल आणि पिस्तूल दोन्हींत चालतं.

मधली पायरीही आहे. एके-४७ चं ७.६२ × ३९ हे काडतूस सोव्हिएत रशियात १९४३ मध्ये आकाराला आलं. गोळी सुमारे ८ ग्रॅम, वेग ७०० मीटरच्या वर, ऊर्जा सुमारे २००० ज्यूल. .३०३ पेक्षा कमी, पण पिस्तुलाच्या जवळजवळ चौपट. वर्ग रायफलीचाच. ताकद थोडी कमी केल्यामुळे धक्का आटोक्यात राहतो आणि हत्यार भराभर चालवता येतं. .३०३ ला मात्र प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट ओढावा लागतो.

आता वाटेल, हे वर्गीकरण हवं कशाला? जीव वाचवायला. अमेरिकेच्या एन.आय.जे. संस्थेने २०२३ मध्ये जॅकेटच्या पातळ्यांना सरळ 'एच.जी.' म्हणजे हँडगन आणि 'आर.एफ.' म्हणजे रायफल अशी नावं दिली. ॲरामिड धाग्यांचे मऊ थर पिस्तुलाची गोळी पसरवून अडवतात. रायफलीची वेगवान, टोकदार गोळी त्यांतून आरपार जाते. तिच्यासाठी सिरॅमिकसारखी कडक प्लेट लागते.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी कसाबच्या एके-४७ ची नळी हातांनी धरून ठेवली. ते आपल्याच सातारा जिल्ह्यातल्या केडंबे गावचे. त्यांच्या हाती फक्त लाठी होती. अंगात गोळ्या शिरल्या तरी पकड सुटली नाही आणि कसाब जिवंत सापडला. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. त्यांच्या अंगावर नुसतं मऊ जॅकेट असतं, तरी त्या गोळ्या अडल्या नसत्या.

म्हणून मित्रांनो, उद्या आपल्यापैकी कुणी संरक्षण साहित्याच्या कारखान्यात किंवा खरेदी विभागात बसलं आणि समोरच्या कागदावर नुसतं 'बुलेटप्रूफ' लिहिलेलं दिसलं, तर सही करू नका. आधी विचारा : कोणती गोळी, किती वेगाची? त्या जॅकेटच्या आत आपल्याच गावचा कुणीतरी असणार आहे.