दिवस गेलेत? दोघांनी मिळून काळजी घ्या



मळमळ, कंबरदुखी, पायांना थोडी सूज हे गरोदरपणात व्हायचेच. लोहाच्या गोळीने शौचाला काळी होते. घाबरून गोळी सोडू नका. चौथ्या महिन्यापासून रोज एक घ्या. किमान ४ तपासण्या करा.

पण डोके ठणकले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तोंड-हात सुजले, अंगावरून रक्त गेले, बाळाची हालचाल मंदावली, तर "उद्या बघू" म्हणू नका! १०८ ला फोन करा, गाडी मोफत येते.

दादा, भातलावणीत तिला दिवसभर वाकवू नका, हंडा तुम्ही उचला. एकवीरेच्या पायऱ्या बाळाला घेऊनच चढा.

पुढचे मूल ३ वर्षांनी. पाळणा लांबवण्याची साधने सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.